घड्याळाच्या शेजारचं हिरवं अंडं

उस्ताद कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे आणि मग माऊस.

पाणी लगेच मिळायचं. माऊस कशाला हवा, हे यजमानांना कळायचं नाही. पण घरात चालू संगणक दिसला की उस्तादांना राहवत नसे. खुर्ची ओढून ते बसायचे, बाण पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात न्यायचे आणि तिथं घड्याळाच्या शेजारी जी बारकी बारकी चित्रं रांगेनं बसलेली असतात, त्यांच्यावरून एकदा सावकाश फिरवायचे. ओट्यावरून फडकं फिरवावं तसा. फिरवता फिरवता त्यातली दोन-तीन चित्रं पटापट नाहीशी व्हायची. मग उस्ताद माऊस परत करायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "तीन बेवारस होते. आता पोहे आणा."

बेवारस म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. संगणकावर काही प्रोग्राम असे असतात की ते पडद्यावर मिरवत नाहीत. मागं बसून काम करतात आणि मी जागा आहे हे कळावं म्हणून घड्याळाशेजारी आपलं एक चित्र लावून ठेवतात. प्रोग्राम नीट बंद केला तर तो जाताना आपलं चित्र काढून घेतो. पण एखादा प्रोग्राम मध्येच कोसळला, तर चित्र कोण काढणार? ते तसंच राहतं. संगणकाला पत्ताच नसतो. त्या चित्रावरून बाण गेला की मगच संगणक त्याच्या मालक प्रोग्रामला हाक मारतो, उत्तर येत नाही, आणि चित्र पुसलं जातं. तोवर मेलेल्याचं चित्र जिवंतांच्या रांगेत हसत बसलेलं असतं. जगभर लोक त्याकडं दुर्लक्ष करतात. उस्तादांना मात्र ते सहन होत नसे.

आमचं ऑफिस नांदेडात, वजिराबादेत, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. पाच माणसं, सहा संगणक आणि एक पंखा, जो फक्त साहेबांच्या बाजूला वारा द्यायचा. साहेबांनी गिऱ्हाइकं आणायची आणि आम्ही त्यांना हवे ते प्रोग्राम लिहून द्यायचे. उस्ताद पंचावन्नच्या पुढं, कॉलेजचं तोंड न पाहिलेले. घराणं घड्याळजींचं. इतवाऱ्यात त्यांच्या अब्बांचं दुकान होतं. सेलवरची घड्याळं आली, दुरुस्तीचं काम आटलं, तेव्हा उस्तादांनी कुणाचा तरी बंद संगणक उघडून पाहिला. "आत एक काटा न्हाई, एक स्प्रिंग न्हाई. मला आधी लई राग आला," असं ते सांगायचे. त्या रागातच त्यांनी पुस्तकं आणून प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं.

मी लातूरजवळच्या मुरुडची. लातूरला शिकून नुकतीच नोकरीला लागलेली, वय तेवीस, आणि आपल्याला न येणारं जगात फारसं काही उरलेलं नाही अशा समजुतीत. पहिल्या दिवशी मी जागेवर बसले, तर एक उंच गृहस्थ ऑफिसातली चाकाची खुर्ची घरंगळत माझ्याजवळ आले, नाव नाही, गाव नाही, माझा माऊस घेतला आणि कोपरा झाडला.

"चार," ते म्हणाले. "तुझ्या आधीच्या पोराचे असतील. तू कुठली?"

"मुरुडची."

"मग चांगली असशील," असं म्हणून ते तसेच घरंगळत परत गेले.

मुरुडचा आणि चांगलेपणाचा काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रोज सकाळी दहाला उस्ताद सहाही संगणकांवरून असा हात फिरवायचे. जेवणानंतर पुन्हा. झाडून काढलेल्या बेवारसांची नोंद एका वहीत व्हायची, आणि ज्याच्या प्रोग्रामचा बेवारस निघाला त्याला त्या दिवशी सगळ्यांना चहा आणायला खाली जावं लागायचं. साहेबसुद्धा दोनदा गेले होते.

घड्याळाच्या शेजारची ती जागा त्यांना स्वतःच्या मालकीची वाटायची. त्यांच्या अब्बांच्या दुकानात एक रीत होती. दुरुस्तीला आलेलं घड्याळ बंद असेल तर ते कपाटात उलटं करून ठेवायचं, पाठ वर. "येणारा-जाणारा काचेतनं बघतो, बेटा. त्याला खोटी वेळ दिसली, त्याची गाडी चुकली, तर ते पाप दुकानदाराचं." कपाटातली निम्मी घड्याळं पाठ करून बसलेली असायची म्हणे. गिऱ्हाइकांना वाटायचं, घड्याळं रुसली आहेत.

त्यांच्या ह्या झाडलोटीनं एकदा मोठा घोळ झाला. कसल्याशा दाखल्यासाठी ते एका सरकारी कचेरीत गेले होते. खिडकीपलीकडं बाईंच्या संगणकावर घड्याळाशेजारी अकरा चित्रांची दाटी. उस्ताद रांगेत उभे, नजर त्या कोपऱ्यावर. नंबर आल्यावर दाखला राहिला बाजूला, ते म्हणाले, "मॅडम, एक मेहेरबानी करा, माऊस जरा त्या कोपऱ्यात फिरवा." बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फिरवला. अकराची तीन राहिली. बाई किंचाळल्या. मागची रांग पुढं सरकली. ह्या माणसानं सरकारी आठ वस्तू गायब केल्या, एवढंच सगळ्यांना कळलं. उस्ताद जितकं समजावत गेले, "ते मेलेलेच होते, मॅडम," तितकं प्रकरण गंभीर होत गेलं. शेवटी साहेबांनी मला पाठवलं. मी पोचले तेव्हा उस्ताद बाकावर शांत बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक शिपाई, हा पळून जाऊ नये म्हणून. मी अर्धा तास खपून कचेरीच्या मोठ्या साहेबांना सगळं पटवलं. ते ऐकून त्यांनी स्वतःच्या संगणकाचा माऊस उस्तादांपुढं सरकवला आणि हळूच विचारलं, "आमचंही बघता का जरा?"

दुसरा छंद चित्रं काढण्याचा. घड्याळाशेजारचं चित्र केवढं, तर आडवे सोळा ठिपके आणि उभे सोळा. उस्ताद आलेखाच्या कागदावर सोळा बाय सोळाचा चौकोन आखून रंगीत पेन्सिलींनी ते भरत बसायचे. मग संगणकावर काढलं की डोळ्यात घड्याळजीचं भिंग बसवून पडद्याला नाक लावून बघायचे. नव्यानं आलेलं कुणीही त्यांना त्या अवस्थेत पाहून दचकायचं. "ही जागा लहान हाय म्हणून हिच्यात लबाडी चालती, असं लोकांना वाटतं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी मागून त्याची नक्कल करायचे. एकदा ते ऐकून त्यांनी उच्चार सुधारून दिला.

त्यात मुरुडहून मावशीचा फोन आला.

माझी मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. अंगणवाडीत वीस वर्षं काढलेली, आवाज असा की शेजारच्या गल्लीतली पोरंही पाढे म्हणायला लागावीत. तिनं गावरान कोंबड्यांची अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं. एका वेळी दोन हजार अंडी. पहिल्याच खेपेची पिल्लं आसपासच्या खेड्यांतल्या चाळीस बायकांना द्यायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. चाळीसही जणींनी खुराडी बांधून ठेवली होती. मावशीचा शब्द होता तो, आणि तोवर तिचा एकही शब्द खाली पडलेला नव्हता.

अडचण एवढीच की एकवीस दिवस मशीनमधली ऊब जराही ढळता कामा नये. मावशी दिवसातून चाळीसदा मशीनवरचा आकडा बघायला पळत होती. तिनं मला विचारलं, "तू कंप्युटरचं शिकलीस म्हनं. मग हे राखायचं काम तुझ्या कंप्युटरला सांग की."

मी सांगितलं. म्हणजे, प्रोग्राम लिहायला घेतला. मशीनमध्ये एक तार सोडायची, ती ऊब मोजून संगणकाला कळवणार. ऊब ठीक असेल तर घड्याळाशेजारी हिरवं चित्र, बिघडली तर लाल चित्र आणि भोंगा. पडद्यावर दुसरं काहीच नको, ही मावशीची अट. चित्राचं काम उस्तादांनी मागून घेतलं. अंडं काढायचं होतं. चार दिवस ते बटाट्यासारखं दिसत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी डावीकडचे दोन ठिपके पांढरे केले आणि खरोखर अंडं दिसायला लागलं. त्यांनी सगळ्यांना भिंगातून दाखवलं.

ह्याच दिवसांत एकदा सकाळची झाडलोट करताना माझ्या संगणकावरचं एक हिरवं अंडं बाण लागताच नाहीसं झालं.

"बेटा, हे तुझं," उस्ताद म्हणाले. "प्रोग्राम मेला आणि अंडं हिरवंच राहिलं."

"मीच मध्येच बंद पाडला होता, उस्ताद. तपासायला."

"तू बंद पाड न्हाईतर आपोआप पडू दे. हिरवं राहिलं ना? तुझ्या मावशीला काय दिसंल? सगळं ठीक हाय असंच दिसंल."

उपायही त्यांनीच सांगितला. मेलेला प्रोग्राम स्वतःचं चित्र काढू शकत नाही. म्हणून दुसरा एक छोटा राखणदार प्रोग्राम लिहायचा. पहिल्यानं त्याला दर दोन सेकंदांनी हाक द्यायची. हाक आली नाही की राखणदारानं हिरवं चित्र पुसायचं, स्वतःचं लाल चित्र लावायचं, भोंगा वाजवायचा आणि पहिल्याला पुन्हा उठवायचं.

"तीन-चार दिवसांचं काम हाय. करशील?"

"हाव, करते," मी म्हणाले.

केलं नाही. आज सांगताना कारणं बरीच सुचतात. मावशीची अंडी मशीनमध्ये ठेवायचा दिवस जवळ आला होता, साहेब दुसऱ्या कामासाठी मागं लागले होते. पण खरं कारण म्हणजे मला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटला. जो माणूस दुसऱ्यांच्या घरी जाऊन कोपरे झाडतो, त्याचं किती मनावर घ्यायचं?

तीन दिवसांनी त्यांनी विचारलं, "लिहिलंस?"

"हाव, लिहिलं."

"बरं," म्हणाले आणि गेले.

आता खोटं बोलले म्हटल्यावर ते निभावणं आलं. माझा प्रोग्राम तपासताना दिवसातून चार-पाचदा कोसळायचा आणि तितकी हिरवी अंडी मागं राहायची. तेव्हा उस्तादांची खुर्ची घरंगळायचा आवाज आला की मी झटकन माऊस कोपऱ्यातून फिरवून घ्यायचे. त्यांची झाडायची युक्ती मी त्यांच्याकडूनच शिकले आणि त्यांच्यावरच वापरली. ते यायचे, बाण फिरवायचे, काही निघायचं नाही. वहीत माझ्या नावापुढं सलग आठवडाभर शून्य लागलं. "शाबास," असंही एकदा म्हणाले. मला थोडं टोचलं, पण चहा आणायला खाली जावं लागत नव्हतं ह्याचा आनंद जास्त होता.

मावशीकडच्या संगणकावर प्रोग्राम बसला; संगणक इन्व्हर्टरवर होता, त्यामुळं लाईट गेली तरी तो चालू राहायचा. तिसऱ्याच दिवशी काकांनी क्रिकेटचा स्कोअर बघायच्या नादात कुठंतरी टिचकी मारून तो बंद करून टाकला. मी फोनवरून तो पुन्हा चालू करायला लावला आणि मावशीला चिडून सांगितलं, "त्या माऊसला कुणी हात लावायचा नाही. काढूनच ठेव." मावशीनं खरंच काढला, स्वच्छ पुसला, रुमालात गुंडाळला आणि बटणांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिला. म्हणजे मेलेलं चित्र ज्या एका गोष्टीनं उघडं पडतं, ती गोष्ट मी दीडशे किलोमीटरांवरून डब्यात घालायला लावली.

हिरवं अंडं मावशीला फार आवडलं होतं. येता-जाता ती तिकडं बघायची आणि निश्चिंत व्हायची. मशीनवरचा आकडा बघायला पळणं तिनं सोडून दिलं. उस्तादांनाही ते आवडलं होतं, स्वतः काढलेलं असल्यामुळं. रोज दुपारी तीनला ते मावशीला फोन करून विचारायचे, "ताई, अंडं कसं हाय?" मावशी म्हणायची, "हिरवंगार." दोघंही खूश.

पंधराव्या दिवशी दुपारी तीनला नेहमीसारखा फोन लागला. उस्ताद बोलताना फोन स्पीकरवर टाकायचे, कारण कानाला तो गरम लागतो म्हणे. त्यामुळं आम्हां सगळ्यांना ऐकू येत होतं.

"ताई, अंडं कसं हाय?"

"हिरवंच दिसायलंय. सकाळी लाईट दोन-तीनदा येऊन गेली, पण त्याला काय झालं न्हाई. हिरवंच ऱ्हायलं."

उस्तादांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "लाईट येऊन-जाऊन करून राहिली, तर भोंगा एकदा तरी वाजायला पाहिजे होता. ताई, माऊस जरा त्या अंड्यावर न्या बरं."

"माऊस डब्यात हाय."

उस्तादांनी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "डब्यात?"

"मीच काढून ठेवायला सांगितलं होतं," मी म्हणाले.

पलीकडं डबा उघडल्याचा आवाज आला, बटणं सांडल्याचा आला, काका कुठली तार कुठं घालू म्हणून विचारत होते तेही ऐकू आलं. मग मावशीचा आवाज. "हं, लावला. नेते त्याच्यावर... अगं बाई! गेलं की!"

"काय गेलं?"

"अंडं गेलं. हिरवं अंडं. नुसतं घड्याळ ऱ्हायलं."

मावशी फोन तसाच टाकून मशीनकडं धावली. मशीनचं दार उघडल्याचा आवाज आला. बायका पिढ्यान्पिढ्या करतात तसं तिनं एक अंडं उचलून मिटलेल्या डोळ्याच्या पापणीला लावलं असणार, कारण परत येऊन ती म्हणाली, "गार हाय." मावशीला एवढं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढची दहा मिनिटं उस्तादांनी चालवली. मशीनच्या मागं काळा खटका आहे, तो खाली पडलाय का? पडलाय. वर करा. केला. तांबडा दिवा लागला? लागला. दार लावा, आता अजिबात उघडू नका, तासाभरानं आकडा सांगा. घड्याळाचं पोट उघडून बसलेला माणूस जसा बोलेल, तसे ते बोलत होते. काय झालं होतं ते नंतर कळलं. सकाळच्या झटक्यात तारेकडून काहीतरी वेडावाकडा आकडा आला होता आणि माझा प्रोग्राम आडवा झाला होता. मशीनचा खटकाही तेव्हाच पडला होता. चार-पाच तास अंडी थंड होत होती आणि मावशी येता-जाता एका मेलेल्या प्रोग्रामकडं बघून निश्चिंत होत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं आम्ही निघालो. उस्तादांनी भिंग घेतलं आणि बदलायला एक सदरा घेतला. अहमदपूर येईपर्यंत मी चार वेळा खरं सांगायला तोंड उघडलं आणि चारही वेळा खिडकी लावू का असं विचारलं.

मावशीनं आम्हाला पाणी दिलं. उस्तादांनी माऊस मागितला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

भर दुपारी खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून आम्ही अंडी तपासली. अंधारात अंडं बॅटरीवर धरलं की आतलं दिसतं. तांबड्या बारीक शिरा, आणि एक मोठी काळी सावली, जी हलली तर जीव आहे. मावशी पटापट अंडी धरत होती. उस्ताद डोळ्यात भिंग बसवून वाकले होते. "हलतंय," ते म्हणायचे. "हलतंय." मग थांबायचे, अंडं जरा फिरवायला लावायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. ते अंडं मी उचलून वेगळ्या टोपलीत ठेवायचे. टोपली भरत चालली.

संध्याकाळी ते संगणकापुढं बसले. "आता कोड उघड. राखणदार असून बी हे झालं कसं, ते बघू. माझ्याच सांगण्यात काहीतरी चुकलंय."

मी उघडला. ते वाचत गेले. खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले.

"बेटा, राखणदार कुठं हाय?"

"लिहिलाच नव्हता."

"लिहिला म्हणालीस."

"खोटं बोलले."

"मग मला रोज कोपरा स्वच्छ दिसत होता, तो?"

"तुम्ही यायच्या आधी मी झाडून ठेवत होते."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, आणि मलाच राग आला. अपराधी माणसाला येतो तसला. "पण तुम्ही का नाही बघितलं? कोड काय कुलपात होता? सगळ्या गावाचे कोपरे झाडत फिरता, माझा कोड एकदा उघडून बघायला काय झालं होतं?"

"बघायचं कशाला?" उस्ताद म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "तू हाव म्हणाली होतीस ना."

मला रडू फुटलं. ज्या माणसानं आयुष्यात कुठल्या हिरव्या चित्रावर विश्वास ठेवला नाही, तो माझ्या एका शब्दावर निर्धास्त झोपत होता.

मावशी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कप ठेवले, मला एक सणसणीत लगावेल असं वाटलं, पण म्हणाली, "रडायचं नंतर. आधी ते लिही जे लिहायचं होतं. आन् पिल्लं निघाल्यावर वाटायला तू जायचं. चाळीस दारं. ज्याला कमी आली, त्याला का कमी आली ते तुझ्या तोंडानं सांगायचं. मी न्हाई सांगणार."

"मी बी जातो संगं," उस्ताद म्हणाले.

"तुमचा काय संबंध?"

"मी हिला झाडायला शिकवलं, ताई. घाण होऊ नये म्हणून काय करायचं, ते शिकवायच्या आधी झाडायला शिकवलं."

दोन दिवसांत आम्ही राखणदार लिहिला. उस्ताद सांगायचे, मी लिहायचे, आणि दर तासाला ते प्रोग्रामला मुद्दाम मारायचे. हिरवं अंडं पुसलं जायचं, लाल उमटायचं, भोंगा कोकलायचा आणि काका दचकून चहा सांडायचे. चौदा वेळा मारला, चौदाही वेळा राखणदार चुकला नाही. पंधराव्यांदा मारायला गेले तेव्हा काकांनी हात जोडले.

एकविसाव्या दिवशी काहीच झालं नाही. मी नांदेडहून तासातासाला फोन करत होते आणि मावशी तासातासाला तो कापत होती. बाविसाव्या दिवशी सकाळी तिनं स्वतः लावला आणि फोन नुसता मशीनजवळ धरला. एवढी चिवचिव, की खालून चष्मेवाले वर आले. उस्तादांनी डोळ्यातलं भिंग काढलं आणि पुसलं. भिंग कोरडंच होतं.

निम्म्याहून जास्त निघाली. बाकीची नाही निघाली. ती मी मुरुडला जाऊन मावशीच्या परसात खड्डा करून पुरली.

मग चाळीस दारं. टमटममध्ये टोपल्या, मी आणि उस्ताद. तिथं कळलं, की त्यांना जिवंत पिल्लांची भीती वाटते. एक पिल्लू त्यांच्या बाहीत शिरलं तर ते टमटम थांबवून रस्त्यावर उतरले आणि हात लांब धरून उभे राहिले. मी काढेपर्यंत तसेच. तरी प्रत्येक दारात ते टोपली घेऊन माझ्या मागं उभे होते. मी म्हणायचे, "पन्नास ठरली होती, तीस आहेत. माझ्या चुकीनं वीस गेली. मी काम न करता केलं म्हणून सांगितलं होतं." पहिल्या दारात आवाज फुटेना. दहाव्या दारापर्यंत फुटायला लागला. काही बायका चिडल्या. एकीनं दार लावून घेतलं आणि पुन्हा उघडून पिल्लं घेतली. काहींना एवढ्यासाठी कुणी सांगायला येतं ह्याचंच नवल वाटलं.

एका वस्तीवर एक म्हातारी होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, हिरवं चित्र, मेलेला प्रोग्राम, डब्यातला माऊस, सगळं. पिल्लं मोजून खुराड्यात सोडली आणि म्हणाली, "कोंबडीचं काम तसं नसतंय बग. कोंबडी अंड्यावरनं उठली, की जागा मोकळी दिसती. कुनालाबी दिसती. तुमच्या मशीनीत कोंबडी उठून गेली आन् मागं तिचा फोटू ऱ्हायला."

उस्तादांनी टोपली खाली ठेवली. खिशातून वही काढली, त्यात ते लिहून घेतलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "हेच! हेच मी तुला सांगून राहिलो होतो. पर मला असं सांगता येत न्हाई." म्हातारीला त्यांनी वाकून सलाम केला. तिनं त्यांना विचारलं, "तुमी डाक्टर का?" सदऱ्याच्या खिशातून लोंबणारं भिंग तिनं पाहिलं होतं.

मावशीचं मशीन आजही चालू आहे. पुढच्या खेपेला त्याच चाळीस जणी आल्या, त्या दार लावणाऱ्या बाईसुद्धा. उस्ताद आता घरीच असतात. नातवाला आलेखाच्या कागदावर चित्रं काढायला शिकवतात आणि तो ऐकत नाही म्हणून फोनवर माझ्याकडं तक्रार करतात. मी पुण्यात मोठ्या ऑफिसात आहे. इथं माझी एक ओळही कुणी बघितल्याशिवाय पुढं जात नाही. चार जण वाचतात, त्यावर एक यंत्र वाचतं, आणि चुका निघाल्या की लाल खुणांनी पडदा भरतो. त्या चौघांची मला कधीच भीती वाटली नाही. न वाचता 'बरं' म्हणणाऱ्या त्या एका माणसाची मात्र अजून वाटते.